परभणीच्या बातमीनंतरचा सोमवार: टीममधल्या माणसाला सांभाळायचं कसं?

अंजोर | १८ डिसेंबर २०२४, रात्री १०:१२

आधीच सांगते, नेते, पक्ष, कोण बरोबर कोण चूक यावर हा धागा नाही. त्यासाठी चालू घडामोडींत दोन धागे पेटलेलेच आहेत, संसदेतल्या वादाचा तिसराही निघालाय. तिकडे जा.

मी खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे. १० तारखेला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची तोडफोड झाली, दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागलं, मग वस्त्यांमधून धरपकड झाली. अटक झालेल्यांपैकी कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाचा रविवारी न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. माझ्या टीममधली एक मुलगी त्या भागातली आहे. (तिला विचारून लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.)

सोमवारी पँट्रीत तिच्या देखत एक जण म्हणाला, "काच तर फुटली होती, त्यासाठी एवढा राडा?" दुसरा हसला. ती कपात चमचा फिरवत राहिली. साखर केव्हाच विरघळली होती. स्टँडअपला (टीमची रोजची छोटी मीटिंग) कॅमेरा बंद, "सगळं ट्रॅकवर आहे" एवढंच. त्याच रात्री आमचं रिलीज होतं, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चालू करायची होती, आणि ते तिच्याकडे होतं. तिने ते पार पाडलं, एकही चूक न करता.

एचआरला विचारलं तर म्हणाले, संवेदनशील विषय आहे, लेखी काही नको, हवं तर तिला समुपदेशनाचा नंबर दे.

माझी अडचण अशी: थेट विचारलं तर "तू कोण आहेस ते मला माहीत आहे" असं म्हटल्यासारखं होतं. नाही विचारलं तर काही घडलंच नाही असं. ज्यांनी हे टेबलाच्या त्या बाजूने पाहिलंय त्यांनी सांगावं. लीड, मॅनेजर लोकांनी काय केलं तेही सांगा.

खटपट्या | १८ डिसेंबर, १०:४०

ऑफिसात जात आणूच नये असं माझं स्पष्ट मत. कामाला जातो, काम करावं, घरी यावं. उद्या जो तो बातम्या बघून सुट्टी मागेल.

विद्युल्लता | १८ डिसेंबर, १०:४४

ऑफिसात ती आणली कुणी? ती मुलगी तर चहा ढवळत होती.

कॉफीवाली | १८ डिसेंबर, ११:०५

विद्युल्लता, +१.

रानवारा | १९ डिसेंबर, सकाळी ७:३०

अंजोर, विचारलंस हे बरं केलंस. बरंच लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

१ जानेवारी २०१८. कोरेगाव भीमाच्या लढाईला दोनशे वर्षं म्हणून घरचे सगळे पेरणे फाट्याला जयस्तंभाला गेले होते. आई, मावशी, मावशीची नात. मला रिलीजमुळे जमलं नाही. दुपारनंतर फोन लागेनात. सणसवाडीत दगडफेक, गाड्या पेटल्या, एवढंच टीव्हीवर. रात्री उशिरा आईचा आवाज ऐकला. एका पेट्रोल पंपामागे बसून होते सगळे.

दोन तारखेला विमाननगरच्या ऑफिसात गेलो. पहिलं वाक्य कानावर पडलं ते "या लोकांपायी नगर रोड जाम". तीन तारखेला महाराष्ट्र बंद. सगळ्यांना घरून काम. टीमचा व्हॉट्सॅप ग्रुप दिवसभर वाजत होता आणि त्यात काय होतं ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून कुणाला काही कळत नाही. त्यामुळे लोक माझ्यासमोर मोकळेपणाने बोलतात. हा एक वेगळाच प्रकार असतो, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

आता मदत कशाची झाली ते सांगतो. माझा तेव्हाचा मॅनेजर तमिळ. त्याला महाराष्ट्रातलं राजकारण ओ की ठो कळत नव्हतं. चार तारखेला सकाळी त्याने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "क्लायंट डेमो मी घेतो. या आठवड्यात तू ऑनलाइन दिसला नाहीस तरी मी कुणाला विचारू देणार नाही." बस. का, कशासाठी, काही नाही. संध्याकाळी ग्रुपवर त्याचाच एक मेसेज आला, की हा ग्रुप कामासाठी आहे, बंदबद्दलचं सगळं काढून टाका, पुन्हा पडलं तर मी व्यक्तिशः बोलेन. अर्ध्या तासात ग्रुप साफ.

हे मोठं का वाटलं? कारण मला कारण सांगावं लागलं नाही. आमच्यासाठी कारण सांगणं म्हणजे जात सांगणं. एकदा सांगितली की पुढची पाच वर्षं प्रत्येक प्रमोशनला, प्रत्येक चुकीला ती खोलीत आपल्या आधी येऊन बसते.

काय नको तेही लिहितो. "तुझ्या लोकांना नक्की काय हवंय?" नको. १८१८ ची लढाई समजावून सांग, नको, गुगल आहे. "तू तसा वाटत नाहीस" तर मुळीच नको. आणि सगळ्यांसमोर "तू ठीक आहेस ना?" असं गंभीर चेहऱ्याने विचारणंही नको, मग उरलेले सगळे वळून बघतात.

अंजोर | १९ डिसेंबर, ८:५५

रानवारा, मनापासून आभार. कारण सांगणं म्हणजे जात सांगणं, हे मला या शब्दांत कधी सुचलं नसतं.

नगर रोड | १९ डिसेंबर, १:१५

मी सणसवाडीच्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात आहे. आमच्याकडे भावनांवर कुणी बोलत नाही, आमच्याकडे बस असते. त्यामुळे माझा प्रतिसाद बसवरच.

१ जानेवारीला नगर रस्त्याची वाहतूक दरवर्षी वळवतात, तारीख पाठ असते. तरी कित्येक कंपन्यांना ३१ डिसेंबरला जाग येते. २०१८ नंतर आम्ही ठरवलं, की त्या दिवसाचं शिफ्टचं वेळापत्रक डिसेंबरच्या मध्यालाच लागतं. ज्याला जयस्तंभाला जायचं तो त्या दिवसाची पाळी बदलून घेतो, अर्जात कारणाचा रकानाच नाही. पूर्वी होता. त्यात लोक "घरगुती काम" लिहायचे आणि सुपरवायझर हसायचा. रकाना काढला, हसणं बंद झालं.

दुसरं, कंत्राटी माणसं. बंद असला की पे-रोलवरचा माणूस घरी बसतो आणि पगार चालू. हाउसकीपिंगवाली बाई चालत येते, नाहीतर खाडा. आणि अशा दिवशी ज्यांच्या वस्तीत पोलीस फिरत असतात ती बहुतेक हीच माणसं असतात. अंजोर, तुझ्या ऑफिसात लादी पुसणाऱ्या मावशी सोमवारच्या बंदला कशा आल्या, विचारलंस? टोमणा नाही, खरंच विचार. ठेकेदाराला बंदच्या दिवसाची हजेरी धरायला सांगणं हे मुख्य कंपनीच्या हातात असतं. करारात एक ओळ घालावी लागते.

उत्तरवाहिनी | १९ डिसेंबर, ३:४०

सगळं पटतं, पण एक विचारू? १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत लाठीमार झाला तेव्हा माझा सख्खा चुलतभाऊ तिथे होता, डोक्याला टाके पडले. मीही दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून "आता आरक्षण मागतात, जमिनी विकून गाड्या घेतल्या" हे ऐकलं. तेव्हा मला कुणी डेमोतून सोडवलं नाही. हे फक्त ठरावीक समाजांनाच का?

खटपट्या | १९ डिसेंबर, ३:४८

हेच मी म्हणत होतो. कुठवर जाणार?

विद्युल्लता | १९ डिसेंबर, ४:२०

उत्तरवाहिनी, तुम्हालाही सोडवायला हवं होतं, यात वाद नाही. भावाच्या डोक्याला टाके पडलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कसली स्प्रिंट? नगर रोड यांच्या अर्जात कारणाचा रकाना नाही, तो तुम्हालाही लागू.

पण एक फरक आहे. तुम्ही "मी मराठा" असं त्या टेबलावर म्हणालात तर वाद झाला असता, भांडण झालं असतं. तुम्हाला जेवायला कुठे बसवायचं, घर भाड्याने द्यायचं की नाही, हे त्यावरून ठरलं नसतं. रानवारांचं तसं नाही. म्हणून नियम सगळ्यांना सारखा असावा, पण तो बनवताना ज्याला तोंडही उघडता येत नाही तो माणूस डोळ्यांसमोर ठेवावा.

उत्तरवाहिनी | १९ डिसेंबर, ४:५१

घराचं म्हणाल तर शिक्रापूरला एका सोसायटीत मलाही "कोण तुम्ही" विचारलं होतं. पण हो, उत्तर ऐकून किल्ली दिली. मुद्दा मान्य.

कॉफीवाली | १९ डिसेंबर, ६:०२

दुसऱ्या बाजूने थोडी भर. आमच्या टीममध्ये मणिपूरचे दोघं होते, एक कुकी, एक मैतेई. ३ मे २०२३ ला तिकडे पेटलं, लगेच इंटरनेट बंद, आणि ते कितीतरी आठवडे बंदच. दोघांचाही घरी संपर्क नाही. आमच्या डायरेक्टरला वाटलं, दोघांना एका खोलीत बसवून बोलतं करू. नशिबाने कुणीतरी थांबवलं. शेवटी एकाच गोष्टीचा उपयोग झाला. घरून फोन आला की मीटिंगमधून उठून जायची दोघांनाही उघड परवानगी, कारण लाइन लागली तर दोन मिनिटंच लागायची.

ऑगस्ट २०१२ आठवतंय का कुणाला? आसाममधल्या हिंसेनंतर अफवांचे एसएमएस फिरले आणि पुण्या-बंगळूरहून ईशान्येची मुलं गाड्या भरभरून गेली. सरकारला एका वेळी पाचच एसएमएस अशी मर्यादा घालावी लागली होती. तेव्हा मी एका रेस्तराँच्या हिशेबात होते. अर्धं किचन एका रात्रीत रिकामं. मालकाने सगळ्यांचा पगार हातावर ठेवला आणि परत आलात की जागा आहे असं सांगितलं. बरेच आले परत. शेजारच्याने पगार अडवला, त्याच्याकडे कुणी फिरकलं नाही.

भालचंद्र का. | १९ डिसेंबर, ९:३०

मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला, दहा माणसं गेली. आमच्या शाखेतले दोन शिपाई आणि एक कॅशियर तिथले. कॅशियर दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर. नोटा मोजताना त्याचा हात थांबत होता, परत पहिल्यापासून मोजायचा. शाखा व्यवस्थापकांनी काउंटर दुसऱ्याला दिलं आणि त्याला स्ट्राँगरूमच्या रजिस्टरवर बसवलं, जिथे गिऱ्हाईक नाही. बोलले काही नाहीत.

पण मला सांगायचंय ते वेगळं. आमच्याकडे मागासवर्गीय कर्मचाऱ्यांची संघटना होती, अनुसूचित जाती-जमातींसाठी नेमलेला संपर्क अधिकारी होता. राज्य सरकारकडे मागासवर्गीय कर्मचाऱ्यांचा कास्ट्राइब महासंघ आहे. माणूस कुणाकडे तरी जाऊ शकत होता आणि जाणं गुप्त राखायची गरज नव्हती. तुमच्या आयटीवाल्यांच्या इमारतीत यातलं काय आहे? योगा दिन आहे, बीनबॅग आहेत. तक्रार घेऊन जायला खोली नाही.

मी_वकील_नाही | १९ डिसेंबर, १०:१०

(आहे. नाव पूर्वी घेतलेलं.)

काकांच्या मुद्द्याला धरून. लैंगिक छळासाठी २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची आहे. जातीवरून अपमान झाला तर खासगी कंपनीत तशी समिती कायद्याने लागत नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहेच, पण अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट केलं, की घराच्या चार भिंतींआड, बाहेरचं कुणी हजर नसताना झालेलं बोलणं त्यात बसत नाही. पँट्रीतला शेरा, तोही कुणाचं नाव न घेता, त्याला कायद्याच्या चिमट्यात पकडायचा विचारच सोडा. हे काम कंपनीच्या आचारसंहितेचं. त्यात जात हा शब्द लिहिलेला आहे का बघा. बहुतेक ठिकाणी "धर्म, वंश, लिंग इत्यादी" असतं आणि जात त्या इत्यादीत.

बे_एरियाकर | २० डिसेंबर, पहाटे ४:२५

इकडून एक गंमत. मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडची हत्या झाली तेव्हा प्रत्येक कंपनीच्या सीईओचा मेल आला, आम्ही तुमच्या सोबत आहोत. महिनाभराने कॅलिफोर्नियाच्या नागरी हक्क विभागाने एका दलित अभियंत्याच्या बाजूने सिस्कोवर दावा ठोकला. (दोन व्यवस्थापकांवरचा भाग २०२३ मध्ये मागे घेतला, कंपनीवरचा चालू राहिला.) तेव्हा आमच्या भारतीय ग्रुपमध्ये कृष्णवर्णीयांसाठी हळहळणारे तेच लोक म्हणत होते, जात अमेरिकेत कुठे असते? फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटलने जातिभेदावर बंदी घातली. कॅलिफोर्नियाचं विधेयक दोन्ही सभागृहांत पास झालं आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरने नाकारलं. अ‍ॅपलने मात्र स्वतःच्या आचारसंहितेत जात हा शब्द त्याआधीच घातला होता. वकीलसाहेब, म्हणजे घालता येतो.

लीड्सकर | २० डिसेंबर, दुपारी २:००

मी इथे इंग्लंडमध्ये एका सरकारी रुग्णालयात डॉक्टर. यंदाच्या ऑगस्टमध्ये साउथपोर्टच्या खुनांनंतर दंगली झाल्या तेव्हा आम्ही गव्हाळ कातडीचे सगळे एका झटक्यात "ते लोक" झालो. इथल्या ब्राह्मण मित्रांना पहिल्यांदाच कळलं की आडनाव पाहून नव्हे, तोंड पाहून दगड येतो. संडरलंडमध्ये ड्यूटीवर निघालेल्या दोन फिलिपिनो परिचारिकांची गाडी अडवून हल्ला केला.

माझ्या रुग्णालयाने काय केलं तेवढं सांगतो. रात्रपाळीला टॅक्सी, बिल रुग्णालयाकडे. गळ्यातलं ओळखपत्र बाहेर पडताना काढून ठेवा अशी सूचना. आणि वॉर्डच्या मुख्य सिस्टरने पाळ्या बदलायचं काम स्वतःकडे घेतलं, म्हणजे आम्हाला एकमेकांना फोन करून विनवावं लागलं नाही. मुख्याधिकाऱ्यांचा व्हिडिओही आला होता. तो कुणी पूर्ण पाहिला असेल असं वाटत नाही.

आर्जव | २० डिसेंबर, ५:४५

समुपदेशक आहे म्हणून नंबर देण्याबद्दल लिहिते. नंबर द्यायला हरकत नाही, पण द्यायच्या आधी स्वतः फोन करून विचारा, की जातीय हिंसेच्या बातमीने अस्वस्थ झालेल्या माणसाशी बोलायची तुमच्याकडे कुणाला सवय आहे का? कंपन्यांनी बाहेरून घेतलेल्या सेवांमध्ये अनेकदा "बातम्या पाहणं कमी करा, दीर्घ श्वास घ्या" एवढ्यावर भागवतात. ज्याचं घर त्या गल्लीत आहे त्याने बातम्या कशा बंद करायच्या? आणि कंपनीला काय कळतं, काय कळत नाही, हे लेखी घ्या. लोक फोन करत नाहीत त्याचं निम्मं कारण तेच. ज्यांना कंपनीच्या वाटेने जायचंच नाही त्यांच्यासाठी सरकारची टेली-मानस आहे, १४४१६, मराठीतही बोलतात.

झोप उडणं, नोटा परत मोजाव्या लागणं, हे दोन-चार दिवस होणारच, तो आजार नाही. आठवडे गेले तरी तसंच राहिलं तर मात्र भेटायला सांगा.

अंजोर | २१ डिसेंबर, सकाळी ११:२०

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, काही दोनदा. काय केलं ते लिहिते.

तिला डेस्कवर नाही, चॅटवर एकच ओळ पाठवली: पुढच्या आठवड्याचं प्रॉडक्शन सपोर्ट मी लावते, तू नाहीस, वेगळं काही लागलं तर सांग, नाही सांगितलंस तरी चालेल. तिचं उत्तर आलं, "बरं." दोन तासांनी आलं, "गावी जाऊन येते." मी अंगठा टाकला, बाकी काही नाही. हा धागा काढू का, हेही त्याआधीच विचारलं होतं आणि ती म्हणाली होती, काढ, पण मला वाचायला सांगू नकोस.

एचआरकडे परत गेले. आचारसंहितेत जात शब्द खरंच नाही, वकीलसाहेब. तो घालायचा प्रस्ताव आणि रजेच्या अर्जातून कारण काढायचा प्रस्ताव असे दोन दिलेत. पहिल्यावर "लीगलला विचारू". दुसरा मात्र लगेच मान्य, कारण सॉफ्टवेअरमध्ये एक फील्ड ऐच्छिक करायचं होतं.

मावशींबद्दल विचारलं. वाघोलीहून दोन जणी चालत आल्या होत्या. कुणाला पत्ता नाही. ठेकेदाराशी सोमवारी बोलणं आहे.

आता पँट्रीवाला. त्याच्याशी बोलायचंय, तो माझ्याच ग्रेडचा आहे. कसं बोलू?

खटपट्या | २१ डिसेंबर, ११:५०

सोडून द्या की. सहज बोलला असेल. उगाच वैर.

रानवारा | २१ डिसेंबर, दुपारी १२:३०

सहजच बोलला असणार, तोच तर प्रश्न आहे.

अंजोर, तिचं नाव अजिबात घेऊ नकोस. "कुणाला तरी लागलं" असंही नको, तो लगेच शोधायला लागेल कुणाला ते, आणि मग तिच्याकडे जाऊन सॉरी म्हणेल. ते सगळ्यात वाईट. "मला लागलं" म्हण. तूच तिथे होतीस, तूच ऐकलंस. कोठडीत माणूस मेला त्या आठवड्यात हा विनोद मला ऐकायचा नाही, माझ्यासमोर पुन्हा नको. एवढंच. तो वाद घालेल. घालू दे, तू चहा घे.

विद्युल्लता | २१ डिसेंबर, १२:४२

अनुमोदन. आणि हे तुमच्यासारख्या आडनावाच्या माणसानेच करायचं असतं, अंजोर. तुम्हाला त्यात फार तर एक मित्र कमी होईल.

नगर रोड | २१ डिसेंबर, १:०५

ठेकेदार म्हणेल, मागची हजेरी आता धरता येत नाही. येते. मस्टर महिनाअखेरीला बंद होतं, आज २१ आहे. तोंडी बोलू नका, मेल टाका, अकाउंट्सला कॉपी ठेवा.

आणि १ जानेवारी बुधवारी आहे. खराडी बायपासपासून पुढे वाहतूक वळवतील, तुमच्या कॅबवाल्याला आत्ताच सांगून ठेवा.

अंजोर | २१ डिसेंबर, १:२२

मेल आत्ता पाठवला. एक तारखेला आमचं एक रिलीज लागलंय, ते तीन तारखेवर ढकलायला प्रॉडक्टवाल्यांकडे निघालेय. कारण विचारतील. सांगेन, वाहतूक.